मौनाचा भाव : 'सामना' आणि 'ब्लड सिंपल'

(वरसे, ता. रोहा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गुन्हेगारीवरील चित्रपट हा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात बोलावयाचा विषय नव्हे, असा समज आपल्या चळवळीत फार जुना आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धनंजय ज्या पिढीने शाळेच्या पुस्तकात लपवून वाचले, त्याच पिढीने पुढे मोठेपणी त्यांना हसण्यावारी नेले. खून, पोलीस, गुप्तहेर यांत मन रमविणे म्हणजे शोषणाच्या प्रश्नावरून लक्ष उडविणे, असे सांगितले गेले. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. धनंजयाला घरभाडे थकल्याची चिंता कधी पडलेली दिसत नाही, आणि गुन्हेगार पकडला गेला की जग पुन्हा जसेच्या तसे सुरळीत चालू लागते. परंतु या प्रकाराची दुसरीही एक जात आहे. तिच्यात गुन्हेगार सापडल्यावर जग सुरळीत होत नाही, कारण शंका मुळात त्या सुरळीतपणाचीच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकेतून आलेल्या अशा चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', असे नाव दिले. पुढे सत्तरीच्या दशकानंतर त्याच वळणाचे जे चित्रपट नव्याने निघाले, त्यांना 'नव-न्वार' म्हणण्याचा प्रघात पडला.

येथे दोन चित्रपटांचा विचार करावयाचा आहे. एक मराठी, 'सामना', १९७५ साली पडद्यावर आलेला. दुसरा अमेरिकन, 'ब्लड सिंपल', १९८४ सालचा. दोन्ही दिग्दर्शकांचे पहिलेच चित्रपट, दोन्ही थोडक्या पैशांत उभे केलेले. 'सामना'ला कोणी न्वार म्हटल्याचे सहसा आढळत नाही. त्याची नोंद 'राजकीय चित्रपट' अशी होते आणि त्या शिक्क्याखाली त्याची रचना पाहावयाची राहून जाते. वस्तुतः तो एका बेपत्ता माणसाच्या शोधाचा चित्रपट आहे, आणि त्याचे राजकारण त्या शोधातूनच बाहेर येते.

'सामना' कोणी केला हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक. चित्रपटनिर्मितीचा पूर्वानुभव शून्य. दिग्दर्शक जब्बार पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. 'घाशीराम कोतवाल'मुळे रंगभूमीवर नाव झालेले, परंतु कॅमेऱ्यामागे प्रथमच उभे राहिलेले. मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. हिंदुराव धोंडे पाटील साकारणारे निळू फुले हे सेवादलाच्या कलापथकातून घडलेले आणि एके काळी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. एक चित्रकला-शिक्षक, तीन डॉक्टर आणि एक माळी यांनी मिळून महाराष्ट्राच्या एका तालुक्याची प्रकृती तपासावयास घेतली, असे म्हटले तर ते विनोदापुरते राहत नाही. पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे आणि संगीत भास्कर चंदावरकरांचे. चित्रपट कृष्णधवल. पुण्यात तो प्रथम लागला तेव्हा प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली. पुढे १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा-विभागात त्याची निवड झाली आणि त्यानंतर तो पुन्हा लावण्यात आला, तेव्हा तेच प्रेक्षक रांगा लावून आले. परदेशाचा शिक्का उमटल्याखेरीज घरचा माल खरा न मानण्याची आपली खोड जुनीच.

कथा थोडक्यात अशी. साखर कारखान्याच्या जोरावर सारा तालुका मुठीत ठेवणाऱ्या हिंदुरावांच्या दृष्टीस एक दारुडा वृद्ध पडतो. कुतूहल म्हणा, लहर म्हणा, ते त्याला वाड्यावर आणवतात, त्याची बडदास्त ठेवतात, त्याची तहानही भागवतात. हा वृद्ध म्हणजे एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, मास्तर. स्वराज्यानंतर मन मोडलेला. वाड्यात आणि गावात वावरताना त्याच्या कानावर एक नाव येते. मारुती कांबळे. सैन्यातून परतलेला माणूस. तो आता दिसत नाही. त्याच्याविषयी विचारले की बोलणारा गप्प होतो, विषय बदलतो, उठून जातो. मास्तर मात्र दिसेल त्याला एकच गोष्ट विचारीत सुटतो : मारुती कांबळेचे काय झाले? दारूच्या अमलाखाली विचारलेला तो प्रश्न हळूहळू सगळ्या तालुक्याचा होतो, आणि अखेर हिंदुरावांच्या सत्तेचा पाया हलतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो अर्थशास्त्राचा आहे. गावातली इतकी माणसे गप्प का? हिंदी चित्रपटात साक्षीदार गप्प राहतो तो पिस्तुलाच्या धाकाने. खलनायकाचे चार गुंड येतात, लहान मुलाला उचलून नेतात, आणि बाप न्यायालयात साक्ष फिरवतो. 'सामना'तल्या मौनाला एवढ्या धाकदपटशाची गरजच पडत नाही. हिंदुराव आवाज चढवीत नाहीत. निळू फुल्यांनी ती भूमिका अशा आर्जवाने, अशा मिठ्ठास पाहुणचाराने केली आहे की प्रेक्षकालाही या माणसाच्या ओसरीवर बसून एक कप चहा घ्यावासा वाटतो. मग भय कुठे आहे? ते उसाच्या हिशेबात आहे.

साखर कारखान्याचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे फोड करून सांगावयास नको. परंतु कोकणातल्या भातशेतीच्या माणसाला तो थोडा समजावून द्यावा लागतो. भात कापून घरात आणले की ते कणगीत राहते; आज विकावे, चार महिन्यांनी विकावे. उसाचे तसे नाही. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही तर त्याचे वजन घटू लागते आणि साखरेचा उतारा पडतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, त्यात सोसायटीचे कर्ज गुंतलेले असते, आणि त्याची तोड कधी व्हावयाची हे शेतकरी ठरवीत नाही. तोडणीच्या टोळ्या कारखान्याच्या, वाहने कारखान्याच्या, तोडीचा क्रम कारखान्याच्या कार्यालयात लागतो. एखाद्याच्या उसाला तोड पंधरा दिवस उशिरा आली, तर त्याला कोणी मारलेले नसते, धमकावलेलेही नसते; फक्त त्याचा ऊस वाळत उभा राहतो. बिल येते तेही कारखान्याकडूनच, आणि त्यातून सोसायटीचे कर्ज, बिनपरतीच्या ठेवी, या ना त्या निधीची वर्गणी आधीच कापून घेतलेली असते. मुलगा कारखान्यात चिटणीस, सून कारखान्याच्या शिक्षणसंस्थेत शिक्षिका, पुतण्या बँकेत शिपाई. अशा घरातल्या माणसाला मारुती कांबळेविषयी विचारले तर तो काय सांगेल? त्याच्या मौनाला भाव आहे, आणि तो भाव त्याला तोंडपाठ आहे.

ध्यानात ठेवले पाहिजे की हे यंत्र कोणा सावकाराने किंवा गिरणीमालकाने उभारलेले नव्हते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा त्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द होती आणि त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते. शेतकऱ्याने आपल्या मालाचा स्वतः मालक व्हावे, खाजगी कारखानदाराच्या दारात त्याने हात जोडू नयेत, हे त्यामागचे स्वप्न होते, आणि समाजवाद्यांनीही ते आपलेच मानले. सभासदांचे भागभांडवल, शासनाचा हिस्सा, वित्तसंस्थांचे शासनाच्या हमीवरचे कर्ज, या रचनेत धन्याला जागा नव्हती. मग धनी आला कुठून? 'सामना' त्यावर व्याख्यान देत नाही. तो एवढेच दाखवितो की ज्या संस्थेत दर माणसाला एक मत आहे, त्याच संस्थेत दर माणसाची तोडही आहे, आणि मत पाच वर्षांनी एकदा येते, तोड दर हंगामाला येते. सहकाराची याहून नेमकी चिकित्सा अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल.

हिंदुरावांची बाजूही चित्रपट लपवीत नाही, हे त्याचे मोठेपण. या माळरानावर जे काही उभे राहिले ते या माणसाच्या कर्तबगारीने उभे राहिले, हे खरेच आहे. इतक्या लोकांच्या पोटापाण्याची व्यवस्था एका पारड्यात आणि एक मारुती कांबळे दुसऱ्या पारड्यात, हा हिशेब हिंदुरावांच्या मनात आहे, तो गावाच्याही मनात आहे आणि, सांगण्यास हरकत नाही, तो १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर आलेल्या महाराष्ट्राच्याही मनात होता. विकासाच्या नावाने एखाददुसरा माणूस खर्ची घालावा की नाही, हा प्रश्न धरणग्रस्तांना, प्रकल्पग्रस्तांना आजही परका नाही. मास्तर या हिशेबाला आकड्यांनी उत्तर देऊ शकत नाही. तो फक्त नाव घेत राहतो. हिशेबात मोडत नाही अशा माणसाचे नाव.

आता थोडक्या पैशांचा मुद्दा. मोठ्या भांडवलाच्या गुन्हेपटात पाठलाग असतो, मोटारी उलटतात, इमारती पेटतात. 'सामना'च्या मंडळींपाशी यातले काही करण्याजोगे धन नव्हते. त्यामुळे जे फुकट मिळत होते त्यावर त्यांना चित्रपट उभारावा लागला. फुकट काय मिळत होते? चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवरचा शब्द अडल्याचा क्षण. मास्तर विचारतो, समोरचा क्षणभर थांबतो, नजर दुसरीकडे वळवतो. पाठलागाऐवजी ही थांबलेली नजर आहे, आणि रहस्यपटाचा सारा ताण त्या एका नजरेत मावला आहे. दोन नटश्रेष्ठ समोरासमोर बसलेले, मध्ये बाटली, आणि यजमान व पाहुणा एकमेकांना ओळखून आहेत हे प्रेक्षकाला कळलेले. लागूंचा मास्तर हा आदर्शवादी पुतळा होत नाही. तो दारूला शरण आहे, हिंदुरावांच्या दारूवर जगतो आहे. म्हणजे त्याचेही मौन विकत घेण्याचा प्रयत्न रोज संध्याकाळी चालू आहे, आणि तो दर वेळी पेला रिकामा करून प्रश्न मात्र शाबूत ठेवतो. या दोघांत एक विलक्षण जिव्हाळाही निर्माण होतो. शत्रू म्हणून उभी राहिलेली माणसे एकमेकांना इतकी आवडावीत, हे तेंडुलकरांनाच सुचू जाणे.

दुसऱ्या चित्रपटाकडे जाण्यापूर्वी एका लेखकाचे नाव घेतले पाहिजे. डॅशिएल हॅमेट. तरुणपणी तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकर होता. संप मोडण्यासाठी कारखानदारांना माणसे पुरविणे हा त्या संस्थेच्या धंद्याचा एक भाग होता. नोकरी सोडून तो कादंबऱ्या लिहू लागला. 'रेड हार्वेस्ट' ही त्याची १९२९ सालची कादंबरी एका खाणींच्या गावाविषयी आहे. गावाच्या मालकाने कामगारांचा संप फोडण्यासाठी गुंड आणविले. संप फुटला, परंतु गुंड परत गेले नाहीत, त्यांनी गावच बळकावले. गुन्हेगारी कुठून येते याचे इतके स्वच्छ अर्थकारण त्या काळच्या रहस्यकथेत दुर्मिळच. हाच हॅमेट पुढे डाव्या चळवळीत आला आणि १९५१ साली, जामीननिधीला वर्गणी देणाऱ्यांची नावे सांगण्यास न्यायालयात नकार दिल्यामुळे, तुरुंगात गेला. मौनाची ही आणखी एक जात, आणि ती उजळ माथ्याची.

'ब्लड सिंपल' हे शब्द हॅमेटच्या त्याच कादंबरीतून घेतलेले आहेत. खुनाखुनीच्या वातावरणात राहून माणसाची बुद्धी जी बधिर होते, त्या अवस्थेसाठी तेथे ते आले आहेत. जोएल आणि ईथन कोएन हे दोघे भाऊ मिनिॲपोलिसजवळचे. चित्रपट करण्यासाठी त्यांच्यापाशी पैसा नव्हता. त्यांनी प्रथम दोनतीन मिनिटांची एक जाहिरातफीत तयार केली, जणू चित्रपट पूर्ण झालेलाच आहे. मग ती घेऊन ते आपल्या भागातील व्यापाऱ्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या घरोघर गेले आणि लहानलहान रकमांचे भाग विकून निधी उभा केला. एकूण खर्च सुमारे पंधरा लक्ष डॉलर झाला. हॉलिवूडच्या मानाने ही चिल्लरच. छायाचित्रकार बॅरी सोनेनफेल्ड, संगीतकार कार्टर बरवेल, नायिका फ्रान्सिस मॅकडॉरमंड, या सर्वांचा कथापटाचा तो पहिलाच अनुभव. लोकांकडून थेंबाथेंबाने पैसा जमवून चित्रपट करणे आपल्याकडेही घडले आहे, आणि अधिक उदात्त हेतूने घडले आहे. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'ला (१९७६) गुजरातच्या पाच लक्ष दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळाने गावोगाव फिरून वर्गणी गोळा करून १९८६ साली 'अम्मा अरियान' पुरा केला. कोएन बंधूंच्या भागधारकांना मात्र सरळ नफा हवा होता, आणि तो त्यांना मिळालाही असावा, कारण १९८५ साली अमेरिकन चित्रपट महोत्सवात, जो पुढे सनडान्स म्हणून ओळखला गेला, 'ब्लड सिंपल'ला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि चित्रपट चालला.

चित्रपटाचा आरंभ आपल्यासारख्यांचे कान टवकारील असा आहे. टेक्सासची उजाड जमीन दिसते आणि एक खाजगी गुप्तहेर पडद्याआडून बोलू लागतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की रशियात म्हणे प्रत्येकाने प्रत्येकासाठी झटावयाचे अशी व्यवस्था आखून ठेवलेली आहे, निदान कागदावर तरी. परंतु आपल्याला माहीत आहे ते टेक्सास, आणि तेथे ज्याचा तो एकटा. पुढचा सारा चित्रपट म्हणजे या एका वाक्याचा पुरावा आहे. एक दारूगुत्त्याचा मालक आपल्या बायकोवर आणि तिच्या प्रियकरावर, म्हणजे आपल्याच नोकरावर, पाळत ठेवण्यासाठी या गुप्तहेराला नेमतो, आणि नंतर दोघांना मारण्यासाठी दहा हजार डॉलर देऊ करतो. गुप्तहेर हिशेबी आहे. दोन खून करून एक साक्षीदार मागे ठेवण्यापेक्षा खोटे छायाचित्र दाखवून पैसे घेणे आणि पैसे देणाऱ्यालाच गोळी घालणे त्याला किफायतशीर वाटते. गोळी तो बायकोच्या पिस्तुलातून झाडतो. प्रियकर तेथे येतो, पिस्तूल ओळखतो, खून तिनेच केला असे समजतो, आणि तिला वाचविण्यासाठी रक्त पुसू लागतो. मालक अद्याप मेलेला नाही हे त्याला वाटेत कळते. तरीही तो त्याला नांगरलेल्या शेतात पुरतो. जिवंत.

हे सारे टळले असते, जर त्या दोघांनी एकमेकांना एक सरळ प्रश्न विचारला असता : तू हे केलेस का? कोणी विचारीत नाही. प्रेम करणारी माणसे, पण ती अर्धी वाक्ये बोलतात आणि उरलेले अर्धे दुसऱ्याने समजून घेतले असे मानून चालतात. चुकीच्या समजुतीवर दुसरी चुकीची समजूत चढते. प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते आणि पडद्यावरील एकालाही काही ठाऊक नसते. छताचा फिरता पंखा, पुसता पुसता पसरत जाणारा रक्ताचा डाग, रात्रीच्या शेतात मोटारीचा उजेड, एवढ्या स्वस्त सामग्रीवर कोएन बंधूंनी जो थरार निर्माण केला त्यास तोड नाही. परंतु त्या कारागिरीपाशी थांबून चालत नाही. त्या मौनाचे कारण पाहावे. येथे कोणी कोणाचा ऊस अडविलेला नाही. कोणावर कोणाचा विश्वास नाही, एवढेच. बाजाराने माणसामाणसांतले सगळे धागे तोडून प्रत्येकाला स्वतंत्र केले, आणि आता प्रत्येक जण आपल्या स्वातंत्र्यात एकटा, हातात पिस्तूल घेऊन, बंद दाराआड उभा आहे.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की हे अंतर लख्ख दिसते. टेक्सासचे मौन खाजगी आहे. 'सामना'तले मौन सार्वजनिक आहे, ते सर्वांनी मिळून पाळलेले, जवळजवळ सहकारी तत्त्वावर चालविलेले मौन आहे. आणि म्हणूनच ते फुटूही शकते. 'ब्लड सिंपल'मध्ये सत्य समजून घेणारा समाजच शिल्लक नाही. अखेरपर्यंत नायिकेला आपण कोणाशी लढतो आहोत हे नीटसे कळत नाही. 'सामना'त एकाने विचारले, मग दुसऱ्याने विचारले, आणि प्रश्न गावाच्या तोंडी आला. मराठी चित्रपटातले एक वाक्य महाराष्ट्राच्या सभांतून आणि वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे वापरले गेले, याचे कारण ते वाक्य चटकदार आहे हे नव्हे. प्रत्येक तालुक्याला आपापला मारुती कांबळे ठाऊक होता.

तरीही 'सामना'वर एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो किरकोळ नाही. मारुती कांबळे या नावातच पुष्कळ काही सांगितलेले आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती; कांबळे आडनावाची माणसे आपला प्रश्न आपल्या तोंडाने विचारू लागली होती. चित्रपटात मात्र मारुती हा प्रश्न म्हणून जितका ठसतो तितका माणूस म्हणून ठसत नाही, आणि त्याच्यासाठी विचारणारा मास्तर बाहेरचा आहे, जुन्या स्वातंत्र्यलढ्यातला आहे. सत्य बोलण्याचे काम अशा माणसावर सोपविले गेले की ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही : शेत नाही, ऊस नाही, मुलगा नोकरीला नाही. नाट्याच्या दृष्टीने ते बिनतोड आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ते हताश करणारे आहे, कारण ज्यांचा ऊस उभा आहे त्यांनी काय करावे याचे उत्तर त्यात नाही. तेंडुलकरांनाही हे जाणवले असावे. गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'आक्रोश' (१९८०) त्यांनीच लिहिला, आणि तेथे गप्प राहणारा खुद्द आरोपीच आहे, लहान्या भिकू हा आदिवासी. त्याचा वकील सगळीकडे विचारीत फिरतो आणि लहान्या त्याच्याशीही बोलत नाही, कारण बोलल्यास आपल्या मागे राहिलेल्या माणसांचे काय होईल हे वकिलापेक्षा त्याला अधिक नेमके कळते. अखेर तो तोंड उघडतो, परंतु त्याआधी त्याने जे केलेले असते ते पाहवत नाही.

या गोष्टी रायगड जिल्ह्याला परक्या नाहीत. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, ती मार्चमध्ये मुंबईत फुटली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. तो माल रस्त्याने मुंबईस गेला. वाटेत सीमाशुल्क खात्याचे आणि पोलीस खात्याचे लोक होते. त्यांपैकी काहींना पुढे विशेष न्यायालयाने लाच घेतल्याबद्दल दोषी ठरविले. चांदीची चोरटी आयात पाहूनही न पाहण्याची जी वर्षानुवर्षांची व्यवस्था होती, तिच्याच वाटेने हा माल गेला. तेथे मौनाला दर ठरलेला होता, आणि पेटीत काय आहे हे विचारावयाचे नाही हे त्या दरातच धरलेले होते. किंवा इतके लांब कशास जावे? येथून हाकेच्या अंतरावर धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कोणत्याही रासायनिक कारखान्यात अपघात झाला आणि चौकशीसाठी अधिकारी आला, तर शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार काय सांगेल? त्याचे कंत्राट किती महिन्यांचे आहे, एवढे कळले म्हणजे त्याच्या जबानीचा अंदाज बांधता येतो.

परंतु याच जिल्ह्याने दुसरेही उदाहरण घालून दिले आहे, आणि ते 'सामना'ने सोडलेल्या जागी नेमके बसते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, तो १९३३ ते १९३९ असा चालला. जमिनी ओसाड ठेवल्या, भात लावले नाही. या माणसांना गमावण्यासारखे नव्हते असे कोण म्हणेल? होते ते सर्व त्या शेतांतच होते. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी ती वर्षे काढली. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. चरीच्या एकेका कुळाला वेगळे गाठून विचारले असते, तर तेही बहुधा नजर चुकवून उठून गेले असते. पंचवीस गावांनी एकदम जमीन टाकली, तेव्हा कोणाची तोड आधी आणि कोणाची नंतर हा प्रश्नच खोतांच्या हाती उरला नाही.

'सामना' जेथे जेथे दाखविला जाईल तेथे त्यानंतर भाषण ठेवू नये. दिवे लावावेत आणि बसलेल्यांना विचारावे, की मारुती कांबळेला ओळखणारी जी माणसे पडद्यावर गप्प राहिली, त्यांपैकी कोणाचे काय कोणाच्या हाती होते. मग त्याच क्रमाने आपल्या गावातील नावे घ्यावीत.